आधी पाणी दाखवा, मग कयाक

आपल्या मार्केट यार्ड-बिबवेवाडीच्या सोसायटी ग्रुपांवर सध्या एकच व्हिडिओ फिरतोय. परदेशातलं बंदर, रात्रीची वेळ, पुढे गाईड, मागे दहा-बारा कयाक, प्रत्येकीवर छोटा दिवा आणि पाण्यात हलणारे शहराचे दिवे. खाली ओळ लिहिलीय : "नदीसुधार झाला की आपल्या पुण्यातही!" त्याखाली अंगठे, बदाम आणि "पुणे तिथे काय उणे".

मला काही बदाम टाकता आला नाही. कमेंट लिहायला घेतली, ती लांबत गेली, म्हणून स्वतंत्र पोस्ट टाकतोय. मोठी आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवातीलाच एक सांगतो, म्हणजे "आला विकासविरोधी" असा शिक्का मारायची घाई होणार नाही. मला पुण्यात कयाकिंग हवंय. रात्रीचंही हवंय. आणि हवंय म्हणूनच भांडतोय.

"पुण्यात कसली होडी?" असं नाक मुरडणाऱ्यांशीही माझं पटत नाही. आपल्या सीओईपीचा बोट क्लब 1928 सालचा. संगमाजवळ दरवर्षी त्यांचा रेगाटा होतो, मुलंमुली कयाकचा बॅले करतात, पूर्वी अख्खं शहर बघायला लोटायचं. त्याच्याही आधी, नानासाहेब पेशव्यांच्या काळात आंबील ओढ्याचा प्रवाह वळवला गेला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं. आज आपण सारसबागेच्या गणपतीला "तळ्यातला गणपती" म्हणतो ते त्यामुळेच. दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिंपिकला रोइंगमध्ये उतरला, तो घडला पुण्यातल्या लष्कराच्या रोइंग केंद्रात. म्हणजे या शहराला वल्ही नवीन नाहीत. फक्त आज चांगलं वल्हवायला शिकायचं तर सीएमईच्या कुंपणाआडचं पाणी लागतं, शहराच्या मधोमध वाहणारं चालत नाही. ही लाज कुणाला वाटते का, एवढाच प्रश्न आहे.

आता कयाक म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण व्हिडिओत ते दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी लेकीकडे कोपनहेगनला गेलो होतो, तेव्हा ऑगस्टअखेरीला रात्री नऊच्या फेरीत तिने मला बसवलं. लाइफ जॅकेट, त्याला टोचलेला दिवा, आणि निघण्याआधी पाऊण तास नुसत्या सूचना. मोठ्या बोटीच्या वाटेत यायचं नाही, पुलाखालून एकामागून एक जायचं, शिट्टी वाजली की थांबायचं. सगळ्यात जास्त वेळ कशावर गेला? तर कयाक उलटली तर काय करायचं यावर. कारण ती उलटते, हे गृहीत धरूनच शिकवतात.

दुसरी गोष्ट बसल्यावर कळली. होडीत आपण पाण्याच्या वर बसतो, कयाकमध्ये जवळजवळ पाण्यातच. कंबर पाण्याच्या पातळीला. वल्हं उचललं की पाणी दांड्यावरून ओघळत मनगटावर, कोपरावर, मांडीवर येतं. वाऱ्याची झुळूक आली की तोंडावर. तासाभरात मी अर्धा भिजलो होतो. ओठ खारट झाले तेव्हा गाईडला विचारलं, हे पाणी तोंडात गेलं तर? तो म्हणाला, आज काही हरकत नाही, काल मोठा पाऊस झाला असता तर निघण्याआधी पाण्याचा अहवाल बघितला असता.

मंडळी, सगळी पोस्ट या एका वाक्यासाठी आहे. त्या शहराने आधी दिवे लावले नाहीत. आधी गटारं सुधारली, पावसाचं आणि मैल्याचं मिसळलेलं पाणी साठवायला भूमिगत टाक्या बांधल्या, बंदरात थेट येणारी तोंडं बंद करत नेली. मग 2002 साली बंदरातच लोकांना पोहायला जागा उघडली. पॅरिसने सीन नदीत पोहायला 1923 पासून बंदी ठेवली होती, ती 2025 च्या जुलैत उठवली, तीही सुमारे 1.4 अब्ज युरो पाण्यावर खर्च केल्यानंतर. तिथेही पाऊस जोराचा झाला की लाल झेंडा लागतो. म्हणजे क्रम असा : पाणी, मग माणूस, मग कयाक, मग रील. आपण रीलपासून सुरुवात केलीय.

आता आपल्या नदीकडे येऊ. पावसाळा सोडला तर खडकवासल्याचं पाणी नदीत सोडलं जातच नाही. ते कालव्यात आणि आपल्या नळात जातं. मग मार्च-एप्रिलमध्ये विठ्ठलवाडीपासून मुंढव्यापर्यंत जे वाहताना दिसतं ते काय आहे? बहुतेक तुम्ही-आम्ही सकाळी बाथरूममधून सोडलेलं. थोडं शुद्ध केलेलं, बरंचसं तसंच. त्यात जलपर्णी माजते, डास होतात, आणि महापालिका दरवर्षी जलपर्णी काढायचं टेंडर काढते. पुढच्या वर्षी ती परत येते, कारण तिचं खत आपण रोज पुरवतो.

आणि पावसाळ्यात? तेव्हा पाणी असतं, पण ते कयाकचं नसतं. जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या घरात विसर्ग झाला, सिंहगड रस्त्याची एकतानगरी पाण्यात गेली आणि लोकांना काढायला लष्कराला यावं लागलं. त्याच पहाटे पुलाच्या वाडीत तीन तरुण विजेचा धक्का बसून गेले. पुण्यात अंधारात होडी बाहेर निघते ती अशी, लोकांना घरातून काढायला. तिच्यात गाईड नसतो, अग्निशमनचा जवान असतो.

म्हणजे आठ महिने मैला आणि चार महिने पूर. यातले कुठले दिवस तुमच्या त्या व्हिडिओसाठी ठेवलेत, ते कुणीतरी सांगा.

आता पैशांचं. केंद्राने जानेवारी 2016 मध्ये जपानच्या जायका संस्थेच्या कर्जावर मुळा-मुठेच्या प्रदूषणमुक्तीचा 990.26 कोटींचा प्रकल्प मंजूर केला. 11 मैलाशुद्धीकरण केंद्रं, 396 एमएलडी नवी क्षमता. शहराची त्या वेळची क्षमता 477, ती होणार होती 873. संपवायची मुदत होती जानेवारी 2022. प्रत्यक्षात 6 मार्च 2022 ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं ते भूमिपूजन! ज्या महिन्यात काम पूर्ण व्हायचं होतं तो उलटून गेल्यावर आपण नारळ फोडला. आणि मधल्या काळात शहर थांबलं होतं का? 2017 ला 11 गावं आली, 2021 ला आणखी 23. 2016 च्या शहरासाठी मांडलेलं गणित आजच्या शहराला कसं पुरणार?

त्याच्या शेजारी नदीकाठ योजना ठेवा. 44 किलोमीटर, सुमारे 4,700 कोटी. पाण्याला मूळ मंजुरी 990 कोटींची, काठाला तिच्या जवळजवळ पाचपट. घरात नळाला घाण पाणी येत असताना आपण बाथरूमला इटालियन टाइल्स लावल्या तर घरची माणसं काय म्हणतील?

"अहो, त्या योजनेत काठाने मैलावाहिन्याही आहेत." आहेत ना, चांगलंच आहे. पण वाहिनी मैला वाहून नेते, शुद्ध करत नाही. पुढे केंद्र तयार नसेल, किंवा तयार असून वीज नाही, पंप बंद, म्हणून बायपास उघडा असेल, तर ती वाहिनी एका ठिकाणची घाण दुसऱ्या ठिकाणी सोडते. आणि चित्रात दाखवतात तशी नदी कायम काठोकाठ दिसायला हवी असेल तर पाणी अडवावं लागेल. मैल्याचं पाणी अडवलं तर त्याला जलाशय म्हणत नाहीत, सेप्टिक टँक म्हणतात.

"साबरमती बघा!" बघितलीय. दोन्ही योजनांचा आराखडा एकाच आर्किटेक्टच्या कार्यालयाचा आहे, तेव्हा तुलना रास्तच आहे. अहमदाबादेत दिसतं ते पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आहे. शहर ओलांडून खाली गेलात की नदीची अवस्था अशी की 2021 साली गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आपल्याला बाहेरून आणून ओतायला नर्मदा कुठाय? आपल्या धरणातलं पाणी आपल्याला, दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्यांनाच पुरत नाही.

"मार्केट यार्डात बसून तुम्हाला नदीचं काय पडलंय?" हाही प्रश्न ग्रुपवर आलाच. पडलंय, कारण आपण तिच्यापासून लांब नाही. आपल्या गच्चीवरचं आणि मोरीतलं पाणी शेवटी तिथेच जातं. 27 सप्टेंबर 2018 ला दांडेकर पुलाजवळ उजवा मुठा कालवा फुटला, शेकडो घरांत चिखल शिरला, आणि मंत्रिमहोदयांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांना दोष दिला. बरोबर पुढच्या वर्षी, 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री, आंबील ओढा टांगेवाला कॉलनीत, अरण्येश्वरला, पद्मावतीला घुसला. शहर आणि परिसरात मिळून वीसहून जास्त माणसं गेली. ती माणसं आपल्या ओळखीतली होती. यार्डात हमाली करणारी, टेम्पो चालवणारी, आपल्याकडे कामाला येणारी. त्यानंतर ओढ्याचं काय झालं? 24 जून 2021 ला, कोरोनात, भर पावसाळ्यात, आंबील ओढ्याच्या वस्तीवर बुलडोझर आला. ओढा अरुंद करणाऱ्या पक्क्या भिंतींवर तो इतक्या तातडीने गेलेला मी तरी पाहिला नाही.

आणि 2025 चा जानेवारी विसरलात का? नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीत जीबीएसची साथ आली, धडधाकट माणसं व्हेंटिलेटरवर गेली, संशय पाण्यावरच होता. पिण्याच्या पाण्यात कुठून काय मिसळतं हे जिथे सांगता येत नाही, तिथे नदीचं पाणी पर्यटकाच्या तोंडावर उडवायचं?

सुरक्षेचं एका परिच्छेदात संपवतो. 21 मे 2024 ला उजनीत कुगाव-कळाशी वाटेवर बोट उलटून सहा जण बुडाले. 18 डिसेंबर 2024 ला मुंबई बंदरात घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, पंधरा जीव गेले. दोन्हीकडे चर्चा लाइफ जॅकेटवरच आली, पण माणसं गेल्यावर. दिवसाउजेडी हे होतं, मग रात्री?

"पण रोजगार?" हा मात्र खरा मुद्दा, टाळणार नाही. "लोक नदीवर आले की नदीवर प्रेम करतील, मग ती स्वच्छ होईल", हेही मला पटतं. सीओईपीची मुलं त्या पाण्यात उतरतात म्हणून तरी जलपर्णीची बातमी होते. पण प्रेम म्हणजे डोळे मिटणं नव्हे. लोकांना नदीवर आणा, आणि पाण्यात काय आहे ते सांगून आणा. लपवून आणलंत तर पहिला पोरगा कावीळ घेऊन घरी गेला की पुढची वीस वर्षं कुणी फिरकणार नाही. मग रोजगारही गेला आणि प्रेमही.

म्हणून मागण्या. मोजता येतील अशा.

1. प्रत्येक पुलावर फलक. प्रदूषण नियंत्रण मंडळ नमुने घेतंच. ते आकडे मराठीत, तारखेसकट, म्हात्रे पुलापासून मुंढव्यापर्यंत लावा. आंघोळीच्या पाण्याचे निकष केंद्राने ठरवलेले आहेत : बीओडी लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत, विरघळलेला ऑक्सिजन किमान 5, विष्ठेतले जिवाणू 100 मिलिलिटरमागे जास्तीत जास्त 2,500. शेजारी आपला आकडा लिहा. लोकांना वाचता येतं.

2. प्रत्येक शुद्धीकरण केंद्रात रोज किती मैला आला, किती शुद्ध झाला, किती तास वीज आणि पंप बंद होते, हे महापालिकेच्या संकेतस्थळावर रोज.

3. बोटिंगचं कुठलंही टेंडर त्या-त्या टप्प्यातलं पाणी आंघोळीच्या निकषात सलग एक कोरडा हंगाम राहिल्याशिवाय निघणार नाही, असा ठराव. पावसाळ्यात पूर्ण बंद.

4. ओढे आधी. आंबील, नागझरी, भैरोबा नाला. नदीत मैला आणणारी तोंडं हीच आहेत. काठाचे दगड नंतर बसवा, कुठे पळून जात नाहीत.

5. कयाकिंग सुरू झालं की गाईडच्या नोकऱ्या आधी नदीकाठच्या वस्त्यांतल्या पोरांना. पुरात गळ्याइतक्या पाण्यात उतरून शेजाऱ्यांना काढणारी तीच असतात. त्यांना प्रशिक्षण द्या, परवाना द्या, विमा द्या.

6. पहिली फेरी आयुक्त, पालकमंत्री आणि आपले सगळे लोकप्रतिनिधी यांची. नुसती फोटोपुरती नको. कयाक उलटी करून परत बसण्याच्या सरावासकट. ते आनंदाने उलटले, तर दुसऱ्या फेरीचं तिकीट मी रांगेत उभं राहून काढीन.

तो व्हिडिओ ज्यांनी टाकला त्यांच्याबद्दल राग नाही. स्वप्न चांगलं आहे. फक्त ते आपल्याला विकणाऱ्यांना एकदा विचारा, पाण्याचा आकडा किती?

आता कामाचं. आपल्या भागातला ओढा किंवा नाला जिथे उघडा मैला घेऊन जाताना दिसेल तिथला फोटो, जागा आणि तारीख टाकून खाली कमेंटमध्ये द्या. बिबवेवाडी, गंगाधाम, गुलटेकडी, पद्मावती, सहकारनगर, कुठलाही. पंधरा दिवसांत जमतील तेवढे एकत्र करून क्षेत्रीय कार्यालयात आणि प्रदूषण मंडळात लेखी देऊ आणि पोच घेऊ. यायला कोण कोण तयार आहे ते नावानिशी लिहा. नुसता अंगठा नको.