साखरेचा दर, वजन आणि साठा उघड करा: पंधरा दिवसांची मुदत

उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांतले, अंबरनाथ आणि बदलापूरचे साखरेचे घाऊक व्यापारी, किराणा दुकानदार, रेशन दुकानदार आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारे अधिकारी, या सर्वांना हा जाहीर इशारा आहे. आजपासून पंधरा दिवसांत साखरेचा दर, वजन आणि साठा लोकांसमोर उघड करा. सोळाव्या दिवशी आम्ही ग्राहक विनंती करायला येणार नाही.

साखर महागली की पहिले बोट ऊसवाल्याकडे जाते. ते आम्हाला मान्य नाही. 2025-26 च्या हंगामाची उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये आहे. म्हणजे किलोभर साखरेत उसाचे सुमारे साडेचौतीस रुपये. शेतकऱ्याच्या हाती तेही पूर्ण पडत नाहीत, त्यातून तोडणी-वाहतूक कापली जाते. त्याला आणि बीडहून कोयता घेऊन येणाऱ्या तोडणी मजुराला मिळणाऱ्या पैशाबद्दल आमची काडीची तक्रार नाही. कारखान्याचा गाळपखर्च, पाच टक्के जीएसटी, गाडीभाडे हेही आम्हाला समजते. कोटा आणि निर्यात दिल्लीत ठरते, त्याचा जाब दिल्लीला विचारू. पण वाशीच्या घाऊक बाजारातून निघालेले पोते आमच्या गल्लीत पोचेपर्यंत जे होते, त्याचा जाब इथेच द्यावा लागेल.

वाशीच्या बाजारात मिल दर वेगळा, नाका डिलिव्हरीचा वेगळा, बारीक दाण्याच्या एस-30 चा वेगळा, मध्यम दाण्याच्या एम-30 चा वेगळा. हे दर व्यापाऱ्यांपासून लपलेले नसतात. तिथून शीळफाटा, काटई करत टेम्पो एका दुपारात बदलापूर गाठतो. तरी त्याच बारीक दाण्याच्या साखरेला कॅम्प तीनमध्ये एक दर, खुंटवलीत दुसरा आणि कात्रपला तिसरा लागतो. वाशीत भाव चढला की आमच्याकडे त्याच संध्याकाळी चढतो, मग पोते आठवड्यापूर्वी स्वस्तात भरलेले असले तरी. आणि वाशीत उतरला की उत्तर ठरलेले: "ताई, जुना माल आहे." जुना माल चढत्या भावालाही असतो आणि उतरत्या भावालाही. दोन्ही वेळा खिसा मात्र गिऱ्हाइकाचाच कापला जातो. हे आम्ही यापुढे ऐकून घेणार नाही.

सगळ्यात जास्त मार बसतो तो पाव किलोवाल्याला. एमआयडीसीत रोजंदारी करणारी बाई पाच किलोची पिशवी कुठून नेणार? ती संध्याकाळी वीस रुपयांची साखर बांधून मागते. पुडीत किती ग्रॅम आले, हे तिला कोणी सांगत नाही. किलोचा दर सर्वांत चढा पडतो तो तिला, आणि बिलही तिलाच मिळत नाही.

उल्हासनगरचा व्यापार 1947 नंतर सर्वस्व गमावून लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या सिंधी कुटुंबांनी शून्यातून उभा केला. त्या कष्टांचा आम्हाला आदर आहे. सचोटीने धंदा करणारे दुकानदार तिन्ही शहरांत आहेत, हेही आम्ही जाणतो. त्यांना आमचे सांगणे आहे की भावफलक पहिला तुम्ही लावा. तुम्ही गप्प राहिलात तर साठेबाजाचा डाग तुमच्या पाटीवरही येईल.

कायद्याची आठवणही करून देतो. साखर 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली येते. साखरेचा साठा दर आठवड्याला केंद्राच्या पोर्टलवर नोंदवण्याचे बंधन सप्टेंबर 2023 मध्ये आले. काळ्या बाजाराला आळा घालणाऱ्या 1980 च्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत स्थानबद्धता आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची वर्षातून एकदा पडताळणी व्हावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावावे लागते. किती दुकानांत ते दिसते? वैधमापन निरीक्षकांनी टेबल सोडून गजानन मार्केटपासून मांजर्लीपर्यंत एकदा पायी फिरावे.

आता रेशन. अंत्योदय कार्डावर महिन्याला एक किलो साखर 20 रुपयांनी मिळायला हवी. तिच्या अनुदानाला केंद्राने फेब्रुवारी 2024 मध्ये 31 मार्च 2026 पर्यंत मुदतवाढ दिली. ही मेहेरबानी नव्हे, सर्वांत गरीब घराचा हक्क आहे. "साखर आलीच नाही" हे तोंडी उत्तर बंद करा. आली नसेल तर का आली नाही, पुढे मिळणार की नाही, हे शिधावाटप कार्यालयाने लेखी सांगावे. मशीनवर अंगठा घेतला की पावती हातात पडलीच पाहिजे. साठा आणि दराचा फलक लावणे 2015 च्या नियंत्रण आदेशाने रेशन दुकानाला बंधनकारक आहे. अन्नसुरक्षा कायद्यातल्या दक्षता समित्या आमच्या शहरांत शेवटच्या कधी बसल्या, त्याचे इतिवृत्त आम्हाला पाहायचे आहे. 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांच्या आनंदाच्या शिध्यात किलोभर साखर होती. फोटो काढायला तेव्हा सगळे पक्ष पुढे होते. आज रांगेत कोण उभे आहे, तेही त्यांनी येऊन पाहावे.

पंधरा दिवसांत हे झाले नाही तर तिन्ही शहरांतल्या सोसायट्या आणि चाळी मिळून वाशीहून 50 किलोची पोती थेट आणतील, आणि दर लपवणाऱ्या दुकानातून साखरच काय, काडेपेटीही घेतली जाणार नाही. दर लपवणाऱ्या प्रत्येक दुकानाची तक्रार पुराव्यासह जिल्हाधिकारी आणि ठाणे पोलीस आयुक्तांकडे जाईल. आणि शिधावाटप कार्यालयावर लाटणे मोर्चा निघेल. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी महिला समितीने 1972 नंतर याच लाटण्यांनी मुंबईत मंत्र्यांना घाम फोडला होता. कर्जतहून मुंबईला जाणारी लोकल बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहूनच जाते. इथे दाद लागली नाही तर आम्ही मंत्रालयापर्यंत जाऊ.

भगिनींनो, बंधूंनो, आजपासून साखरेचे बिल मागा, मग ती पाव किलो का असेना. घरी आल्यावर पुडी तोला. वजन कमी भरले किंवा छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर 1915 वर, रेशनची साखर नाकारली तर 1967 वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. सोळाव्या दिवशी ते सगळे क्रमांक एकत्र घेऊन यायचे आहे.