पगार परत मिळतो, मोसम नाही

अमेरिकन सरकार बंद पडलं की आपल्याकडच्या आयटीवाल्यांत दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला, "एच-१बीचं काय?" आणि दुसरा, "सरकार बंद म्हणजे नक्की काय बंद?" २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असा तब्बल ४३ दिवस हा प्रकार चालला. तोवरच्या इतिहासातला सगळ्यात लांब शटडाऊन. त्यामुळे दिवाळीच्या फराळाबरोबरसुद्धा हाच विषय होता. आणि चर्चेच्या शेवटी कोणीतरी म्हणतंच, "सोड रे, नंतर सगळ्यांना पूर्ण पगार मिळतो. फुकटची सुट्टी!"

आज या 'फुकटच्या सुट्टी'बद्दल लिहायचंय. सरकारी नोकरांचा थकलेला पगार नंतर मिळतो हे खरं आहे, २०१९ मध्ये त्यासाठी कायदाच झाला. पण सरकारच्या पैशावर विद्यापीठांमध्ये जे संशोधन चालतं, त्याचा हिशोब असा साधा नाही. तिथे काही गोष्टी एकदा गेल्या की नंतर कितीही डॉलर ओतले तरी परत येत नाहीत. आणि गंमत म्हणजे (खरं तर गंमत नाहीच) हे नुकसान कुठल्याच बॅलन्सशीटवर दिसत नाही.

आधी हे प्रकरण मुळात होतं कसं ते बघू. अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी काँग्रेसने खर्चाची विधेयकं मंजूर करायची असतात. सगळी विधेयकं वेळेत मंजूर झाली असं शेवटचं घडलं ते १९९६ च्या सप्टेंबरात! त्यानंतर दरवर्षी तात्पुरत्या मुदतवाढीवर गाडी ढकलली जाते आणि तीही जमली नाही की शटडाऊन. आपल्याकडे बजेट लांबलं तर लेखानुदान घेऊन सरकार चालू राहतं, आणि लोकसभेने खर्चाला नकारच दिला तर सरकार पडतं. तिथे सरकार पडत नाही, फक्त बंद पडतं.

बरं, हे काही अमेरिकेच्या घटनेत लिहिलेलं नाही. मंजुरीशिवाय खर्च करू नये असा एकोणिसाव्या शतकातला एक कायदा आहे, अँटिडेफिशियन्सी अ‍ॅक्ट. पण १९८० पर्यंत मंजुरीत खंड पडला तरी बहुतेक खाती हात आखडता घेऊन काम चालू ठेवायची. १९८० मध्ये तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेट्टी यांनी त्या कायद्याचा अर्थ कडक लावला: मंजुरी नाही तर काम बंद, अपवाद फक्त जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणासारख्या गोष्टींचा. म्हणजे आज आपण ज्याला शटडाऊन म्हणतो तो एका कायदेशीर सल्ल्यातून आलाय. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता विद्यापीठांकडे येऊ. २०२३ च्या आर्थिक वर्षात अमेरिकन विद्यापीठांनी संशोधनावर सुमारे १०९ अब्ज डॉलर खर्च केले आणि त्यातले साधारण ५५ टक्के केंद्र सरकारकडून आले. एनआयएच म्हणजे आरोग्य आणि जीवशास्त्राचं सगळं, एनएसएफ म्हणजे बाकीचं बरंचसं मूलभूत विज्ञान, आणि शिवाय संरक्षण, ऊर्जा, नासा वगैरे. ग्रँट प्रोफेसरच्या नावाने ओळखली जाते, पण मिळते विद्यापीठाला, बहुधा तीन ते पाच वर्षांसाठी. विद्यापीठ आधी खर्च करतं आणि मग सरकारकडून ते पैसे काढून घेतं.

त्यामुळे शटडाऊनच्या पहिल्या दिवशी कॅम्पसवर गेलात तर काहीच बंद दिसणार नाही. लॅबमध्ये दिवे चालू, विद्यार्थी जागेवर, कॉफी मशीनसमोर रांग. इथेच लोकांचा गैरसमज होतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर चालू असतो, पण मागे जो शेड्युलर पुढची कामं लावतो तो कोणीतरी बंद केलेला असतो. परिणाम कळायला वेळ लागतो.

एनआयएचचंच घ्या. नेहमीच्या मोठ्या ग्रँटसाठी नवे अर्ज करायच्या वर्षातून तीन तारखा असतात: ५ फेब्रुवारी, ५ जून आणि ५ ऑक्टोबर. शटडाऊन १ ऑक्टोबरला सुरू झाला की तिसरी तारीख बरोबर कचाट्यात सापडते. जूनमधल्या अर्जांची छाननीसुद्धा नेमकी याच दिवसांत असते. ही छाननी सरकारी बाबू करत नाहीत, ठिकठिकाणच्या विद्यापीठांतले प्रोफेसर आपापली लेक्चर्स सांभाळून करतात. पण बैठक बोलावणारे, चालवणारे अधिकारी सरकारी, आणि ते सक्तीच्या बिनपगारी रजेवर. २०१३ च्या १६ दिवसांच्या शटडाऊनमध्ये अशा दोनशेहून जास्त बैठका पुढे ढकलाव्या लागल्या.

मग सरकार उघडल्यावर दुसऱ्या दिवशी बैठक घ्यायची ना? तसं होत नाही. अशा समित्यांच्या बैठकीची जाहीर सूचना कायद्याने पंधरा दिवस आधी सरकारी राजपत्रात द्यावी लागते. आणि एका बैठकीच्या वीस-पंचवीस प्रोफेसरांना पुन्हा एका तारखेला गाठणं म्हणजे काय, हे ज्याने पाच जणांची मीटिंग लावायचा प्रयत्न केलाय त्याला सांगायला नको. पहिल्या छाननीनंतर दुसऱ्या पातळीवरची परिषद, मग पैसे. एक कडी निसटली की अर्ज पुढच्या फेरीत, म्हणजे चार महिने मागे. ४३ दिवस बंद म्हणजे ४३ दिवस उशीर असं समीकरण लागत नाही.

ही झाली रांग. ती निदान कधीतरी पुढे सरकते. पण मोसमाचं काय? अंटार्क्टिकावर काम करायचा मोसम साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी. ८ ऑक्टोबर २०१३ ला एनएसएफने तिथली अमेरिकन केंद्रं फक्त देखभालीपुरती चालू ठेवायची तयारी सुरू केली. आठवडाभराने सरकार उघडलं, धावपळ झाली, बरंच काम वाचलंही. पण काही प्रकल्पांचं त्या वर्षीचं काम गेलं ते गेलंच. तिथे डिसेंबरऐवजी जूनमध्ये जाऊन चालत नाही, कारण जूनमध्ये तिथे काळोख असतो. शेतकऱ्याच्या घरच्याला हे दोन वाक्यांत कळेल: पेरणीच्या वेळी पैसे अडवायचे आणि दिवाळीनंतर व्याजासकट द्यायचे, याला मदत म्हणत नाहीत.

सलग नोंदींचंही तसंच. ४ ऑक्टोबर २०१३ ला वेस्ट व्हर्जिनियातली ग्रीन बँकची प्रचंड रेडिओ दुर्बीण बंद करावी लागली, कारण ती चालवणाऱ्या संस्थेचा पैसा एनएसएफकडून यायचा. आता ही दुर्बीण ज्या कामांसाठी वापरतात त्यातलं एक म्हणजे पल्सारच्या ठोक्यांच्या वेळा वर्षानुवर्षं मोजत राहणं. त्यांतल्या अतिसूक्ष्म फरकांतून गुरुत्वीय लहरींचा माग काढतात. जून २०२३ मध्ये जगभरच्या गटांनी याचे पुरावे एकाच वेळी जाहीर केले. अमेरिकन गटाकडे पंधरा वर्षांच्या नोंदी होत्या आणि त्यात ग्रीन बँकचा मोठा वाटा होता. युरोपियन गटाबरोबर आपला भारतीय गट होता, नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीची निरीक्षणं घेऊन. २०१३ च्या खंडामुळे हा शोध अडला असं मी म्हणत नाही. पण ज्या कामाची सगळी किंमत सलगपणात आहे, तिथे चुकलेला आठवडा नंतर 'भरून' काढता येत नाही. तो सिग्नल पृथ्वीवरून पुढे निघून गेलेला असतो. रिट्राय नावाची सोय तिथे नाही.

याहून जड उदाहरणही त्याच वर्षीचं आहे. एनआयएचचं स्वतःचं संशोधन-रुग्णालय आहे. शटडाऊनमुळे तिथल्या चाचण्यांमध्ये दर आठवड्याला अंदाजे २०० नवे रुग्ण घेता येणार नाहीत आणि त्यात तीसेक मुलं असतील, असं तेव्हाचे संचालक फ्रान्सिस कॉलिन्स यांनी सांगितलं होतं. नेहमीचे उपाय थकलेली माणसं तिथे येतात. त्यांना 'सरकार उघडलं की या' असं सांगणं म्हणजे काय, ते मी अजून स्पष्ट करून लिहीत नाही.

आता माणसांकडे. आपल्यापैकी प्रत्येकाचं कोणी ना कोणी तिकडे पीएचडी किंवा पोस्टडॉक करतंय. त्यांचा स्टायपेंड येतो ग्रँटमधून. श्रीमंत विद्यापीठ दोन महिने स्वतःच्या खिशातून चालवून घेतं, विद्यार्थ्याला कळतही नाही. छोट्या सरकारी विद्यापीठाची ती ऐपत नसते. आणि ऐन शटडाऊनमध्ये ज्याची ग्रँट संपली आणि पुढची अडकली, त्याने करायचं काय? एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास, एवढीच मुभा. बाहेर हॉटेलात भांडी घासायचीही परवानगी नाही. पोस्टडॉकला एच-१बीवर घ्यायचं तर आधी कामगार खात्याकडून वेतनाच्या अर्जावर शिक्का लागतो. २०२५ मध्ये ते कामही १ ऑक्टोबरपासून ठप्प झालं, ते महिनाअखेरीस सुरू झालं. फॉर्म भरून तयार, नोकरी तयार, प्रोफेसर तयार आणि पोर्टल बंद. थकलेल्या पगाराचा २०१९ चा कायदा यातल्या कोणालाच लागू नाही, कारण हे कोणीच सरकारी नोकर नाहीत.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येतं: "एवढे अब्जावधींचे एंडाउमेंट आहेत ना त्यांच्याकडे, वापरा की!" हे मोजक्या पाच-पन्नास नावांना लागू होतं. तिथेही बराचसा पैसा देणगीदाराने ठरवून दिलेल्या कामालाच वापरता येतो. शिवाय २०२५ साल विद्यापीठांसाठी आधीच वाईट चाललेलं होतं. फेब्रुवारीत एनआयएचने ग्रँटमधला वरखर्चाचा वाटा सरसकट १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. कोर्टाने ते रोखलं, पण अनेक विद्यापीठांनी धसका घेऊन भरती आणि खर्च आवळला. चालू ग्रँट रद्द होण्याचे प्रकारही घडले. त्या अशक्त तब्येतीवर ४३ दिवसांचा उपास पडला.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे: खर्चावर अंकुश ठेवायचा हा लोकप्रतिनिधींचा हक्क आहे, आणि तो सोडला तर सरकारला विचारणार कोण? मान्य. पण मग शटडाऊनने पैसे वाचले पाहिजेत ना? २०१८-१९ च्या ३५ दिवसांच्या शटडाऊनचा हिशोब काँग्रेसच्याच बजेट कार्यालयाने केला. अर्थव्यवस्थेचं ११ अब्ज डॉलरचं नुकसान, त्यातले ३ अब्ज कधीच भरून न येणारे. काम न करता पगार, आणि वर हे. अंकुश म्हणावा असं यात काही मला तरी दिसत नाही. कुठला पक्ष चूक कुठला बरोबर यात मी पडत नाही, ओलीस धरायची ही सोय दोघांनाही सोयीची वाटते एवढंच.

आपण रोज सिस्टिम बांधतो. त्यातला पहिला धडा काय? निर्णय वेळेत आला नाही तर सिस्टिमने काय करायचं, हे आधी ठरवा. इथे ते १९८० मध्ये ठरलं आणि चुकीचं ठरलं. बजेट न ठरल्यास गेल्या वर्षीच्या पातळीवर खर्च आपोआप चालू राहावा, अशी विधेयकं अमेरिकेत अनेकदा मांडली गेली, दोन्ही पक्षांकडून. पास एकही झालं नाही. तो उपाय रामबाण नाही हेही खरं. तात्पुरत्या मुदतवाढीतसुद्धा एनआयएच चालू ग्रँटना साधारण ९० टक्क्यांपर्यंतच पैसे सोडते आणि नवीन काही सुरू करायला खाती कचरतात. पण हळू चालणं आणि मधेच बंद पडणं यात फरक आहे. आणि गाठीला पैसे असले की काय होतं त्याचाही पुरावा आहे: २०१८-१९ मध्ये एनएसएफ स्वतः बंद असताना तिच्या बऱ्याच मोठ्या वेधशाळा आधी हातात आलेल्या पैशावर चालू राहिल्या. मोसमी कामं, सलग नोंदी आणि अर्जांची छाननी, एवढ्या तीन गोष्टींना जरी वर्षभराचा पैसा आगाऊ मिळाला तरी निम्मं दुखणं कमी होईल, असं माझं मत आहे.

असो. आपण काही तिथे मतदार नाही. पण आपल्यातले बरेच जण जीआरई, एसओपीच्या मागे आहेत, त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. अ‍ॅडमिशन मिळून प्रोफेसरशी बोलणं सुरू झालं की रँकिंग, हवामान, इंडियन स्टोअर हे सगळं विचाराच, पण त्याआधी दोन प्रश्न विचारा. माझा स्टायपेंड ज्या ग्रँटमधून येणार ती किती वर्षं शिल्लक आहे? आणि मधे पैसे अडकले तर डिपार्टमेंट किती महिने सांभाळून घेतं? चांगला प्रोफेसर या प्रश्नांनी दुखावत नाही. आणि जो उत्तर टाळतो, त्याच्याकडे पाच वर्षं द्यायची का, याचा विचार इथे घरी असतानाच केलेला बरा.