आईची गाणी उतरवून घ्या

परदेशात निघणाऱ्या आपल्या अंकातल्या श्रद्धांजलीच्या पानावर आई दीर्घायुषी असते, तिला गाण्याची आवड असते, ती श्रद्धाळू आणि कुटुंबवत्सल असते. यातलं काहीच खोटं नसतं. पण ही विशेषणं कुणाच्याही आईला लागू पडतात, आणि जिचा जन्म गाण्यात गेला तिचं एकही गाणं त्या पानावर सापडत नाही. शिवाय आवड, श्रद्धा आणि संसार यांची तिथे जी वेगवेगळी नोंद होते, तशी ती त्या पिढीच्या बायकांच्या जगण्यात नव्हतीच. पहाटेची भूपाळी, बारशाचा पाळणा, मंगळागौरीचं जागरण, एकादशीचं भजन या सगळ्यांत गाणं, देव आणि घर एकाच वेळी चालू असे. म्हणून माझं म्हणणं असं, की आईची आठवण ठेवायची तर आधी तिची गाणी उतरवून घ्यावीत, आणि तीही ती असताना.

याचा सगळ्यात ठळक पुरावा जळगावजवळच्या आसोद्याच्या लेकीचा आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करताना त्यांना गाणी सुचत आणि त्या ती म्हणत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यांतली काही कागदावर उतरवली. बहिणाबाई डिसेंबर १९५१मध्ये गेल्या आणि १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली, तीही खानदेशातल्या बोलीतच. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. आईवर एखादी सुंदर कविता लिहून ते थांबले असते, तर आपल्याला एक प्रेमळ मुलगा कळला असता. बहिणाबाई कळल्या नसत्या. जे कागदावर आलं तेवढंच टिकलं, बाकीचं त्यांच्याबरोबर गेलं.

यावर कुणी म्हणेल, बहिणाबाई असामान्य होत्या. आमच्या आया पिढीजात चालत आलेलंच गात आल्या, त्यात त्यांचं असं काय? याचं उत्तर ओव्यांत मिळतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो साठा एक लाखाच्या वर गेला आणि आज ‘पारी’ या संकेतस्थळावर तो वाचायला, काही ठिकाणी ऐकायलाही मिळतो. त्यात एकच ओवी एका गावात भावासाठी आहे, दुसऱ्या गावात लेकासाठी. कुणी तिच्यात आपली नदी घातली आहे, कुणी आपल्या गावची वेस. साचा सगळ्यांचा, पण त्यात काय भरायचं ते प्रत्येकीचं स्वतःचं. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि ओवी म्हणायची वेळच दिवसातून निघून गेली. परदेशात आलेल्या आयांच्या बाबतीत तर कामही बदललं आणि शेजारही. भजनी मंडळाच्या वहीत जेवढं उरलं तेवढं उरलं. अशी वही हातात घेऊन पाहावी. मजकूर अभंगाचा, समासात ‘चाल’ म्हणून एखाद्या चित्रपटगीताचं नाव, बाजूला ‘काळी चार’, आणि पुढे कधीतरी ते खोडून खालची पट्टी लिहिलेली, कारण वयाबरोबर आवाज उतरला. ही निवड परंपरेने केलेली नाही, त्या बाईने केली आहे.

दुसरा आक्षेप असतो की याच रचना नामवंत गायकांच्या आवाजात यूट्यूबवर आहेतच. आहेत, आणि आनंदाने ऐकाव्यात. पण घरात ज्या चालीत आरती म्हटली गेली, तिच्यात कुठे थांबायचं आणि कोणतं कडवं गाळायचं, हे तिथे मिळणार नाही.

तिसरा आक्षेप मला खरा अवघड वाटतो, आणि तो बहुधा मुलीच घेतात. व्रतवैकल्यांच्या गाण्यांत नवऱ्याचं आयुष्य मागितलेलं असतं, मुलगा मागितलेला असतो. ते का जपायचं? ही मूल्यं पुढे न्यावीत असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण याच बायका भोंडल्यात सासूचा जाच फेर धरून उघडपणे गात होत्या. जात्यावर विठ्ठलाशी बोलता बोलता कष्टांचं गाऱ्हाणं घालत होत्या. राईरकर-पॉइटवाँ यांच्या साठ्यात बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्याही आहेत, भक्तीच्याच सुरात गायलेल्या. जिला घरात बोलायची मुभा नव्हती तिला गायची होती, आणि तिने ती पुरेपूर वापरली. आपल्याला न पटणारं वगळून उरलेलं जपलं, तर तिने काय सोसलं आणि त्याला काय उत्तर दिलं, हे दोन्ही पुसलं जाईल. गाणं नोंदवावं, आणि आपला मतभेद त्याच्याखाली आपल्या नावाने लिहावा.

नातवंडांना देवनागरी वाचता येत नाही ही अडचण खरी आहे, म्हणून अक्षरांबरोबर आवाजही हवा. फोनवर ध्वनिमुद्रण करायला अर्धा तास लागतो. अडतं ते आईच्या संकोचापाशी, कारण ‘आता कुठला आवाज राहिलाय’ असं ती म्हणते. तेव्हा पूर्ण गाणं मागू नये. हे कुणाकडून शिकलीस, कधी म्हणायचीस, कुणासाठी, एवढं विचारावं. उत्तर देता देता ती म्हणून दाखवते. संपादक मंडळाला माझी विनंती आहे की श्रद्धांजलीचा मजकूर मागताना कुटुंबाकडून एक गाणंही मागावं: तिच्या बोलीतले शब्द जसेच्या तसे, पाठभेदासकट, सोबत चाल, आणि ते तिला जिने शिकवलं त्या बाईचं नाव. ज्यांची आई आज हयात आहे त्यांच्यासाठी तर श्रद्धांजलीची वाट पाहण्याचं कारणच नाही. पुढच्या अंकापासून वेगळं पान ठेवता येईल.