तबलजी पुण्यातच राहिला

जुना विनोदी चित्रपट गाण्याबजावण्यासकट रंगभूमीवर आणायचा म्हटले, की आमच्या बँकेतले हेड कॅशियर नाक मुरडतात. "अहो, पिक्चर तो पिक्चर! त्याचं संगीत नाटक कशाला? उद्या पासबुकाचा पोवाडा कराल!"

साफ चूक. गोविंद बल्लाळ देवलांचा 'फाल्गुनराव' १८९३ चा, गद्य. त्याच नाटकात पदे घालून १९१६ साली 'संशयकल्लोळ' झाले, आणि लोकांनी डोक्यावर घेतले ते या गाणाऱ्या अवताराला. आचार्य अत्रे आणि मास्टर विनायक यांचा 'ब्रह्मचारी' हा १९३८ चा चित्रपट. मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखाने तेव्हा केवढा गहजब झाला! तोच 'ब्रह्मचारी' १९८० च्या दशकात प्रशांत दामले आणि वर्षा उसगावकर यांनी रंगभूमीवर गाजवला. तिकडे अमेरिकेत मेल ब्रूक्सने 'द प्रोड्युसर्स' या आपल्याच १९६७ च्या चित्रपटाचे २००१ साली संगीत नाटक केले, गाणी स्वतः रचली आणि बारा टोनी पारितोषिके खिशात घातली. त्यातला एक नायक आमच्याच जातकुळीचा, हिशेबनीस! तो कचेरीत बसून निर्माता होण्याची स्वप्ने गाऊ लागतो, तर फायलींच्या कपाटांतून नर्तकी बाहेर येतात. आमच्या रेकॉर्ड रूममधून आजवर झुरळाखेरीज कोणी बाहेर आलेले नाही. असो.

मुद्दा असा, की चित्रपट आपल्या हसण्यासाठी थांबत नाही. आपण हसतो आणि पुढचा संवाद बुडतो. नाटकात नट थांबतो, त्याच्याबरोबर पेटीवाला थांबतो, तबलजी हशा ओसरेपर्यंत ठेका धरून ठेवतो. सगळी गंमत या थांबण्यात आहे. तिकिटाचे पैसे आपण त्यासाठी मोजतो. पिक्चर तर आता खिशातल्या मोबाइलवरही दिसतो.

आणि नेमके हेच आमच्या वाट्याला येत नाही! 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण नाटकवाल्यांनी फारच मनावर घेतलेली दिसते. मागे एक संगीत नाटक आले. जाहिरातीत पाच वादक, प्रत्यक्षात एक पेनड्राइव्ह. पहिल्याच विनोदाला आम्ही खो खो हसलो, तेवढ्यात ध्रुपद निघून गेले आणि नायक बिचारा कडव्यामागे धावू लागला. ओठ परभणीत, गळा पुण्यात! खात्यात शिल्लक नसताना दिलेला चेक आम्ही परत पाठवतो, वर दंडही लावतो. इथे मात्र टाळ्या वाजवून बाहेर पडायचे.

चौकशी केली तर व्यवस्थापक म्हणाले, "साहेब, दौऱ्याचा खर्च परवडत नाही. गाडीत जागा नसते."

तिकीट मात्र पुण्याच्याच दराचे होते! जागा नसेल तर तो दिवाणखान्याचा सोफा पुण्यातच ठेवा ना. सोफे परभणीत पुष्कळ आहेत. माझा नेऊ, हेड कॅशियरांचाही नेऊ. तबलजी तेवढा घेऊन या.