तिचं ताट वेगळं नको

माझ्या भाचीला आठव्या वर्षी टाईप १ मधुमेह झाला, तेव्हा घरी येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "फार गोड खायची का?" नाही हो. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. यात ना मुलीची चूक, ना तिच्या आईची.

सतत तहान, वारंवार लघवी, घटणारं वजन दिसलं, तर त्याच दिवशी साखर तपासा. कुणी कारल्याचा रस सुचवेल. ऐकून घ्या, पण इन्सुलिन बंद करू नका. तापात मूल जेवत नसलं तरी नाही. डोस डॉक्टरांना विचारून बदला.

घाम, थरथर, चिडचिड दिसली आणि साखर ७० च्या खाली असली, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका. थेट दवाखाना गाठा.

आमच्या इंदुरात रविवारी पोहे-जिलेबी येतेच. भाची साखर तपासते, आईला विचारून इन्सुलिन घेते आणि आमच्याच पंगतीत बसते.