दानाची मुभा, प्रश्नाला बंदी

फ्रीमेसनांच्या दानशीलतेचे गोडवे गाणाऱ्यांनी खाडीपलीकडच्या उरणकडे एकदा पाहावे. माणेकजी कर्सेटजींना मुंबईतील गोऱ्यांच्या लॉजने नाकारले, म्हणून १८४३ मध्ये हिंदी लोकांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे निराळे लॉज काढावे लागले. विश्वबंधुत्वाची अशी ही सुरुवात! लॉजमधून औषधे, शिष्यवृत्त्या वाटल्या जातात. घेणाऱ्याने त्या खुशाल घ्याव्यात. परंतु लॉजमध्ये राजकारणाची चर्चा निषिद्ध. म्हणजे गरिबाला मदत करता येते. तो गरीब कशाने झाला, हे मात्र तेथे विचारता येत नाही. जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली नेमके तेच विचारले. गेलेल्या जमिनीचा न्याय्य मोबदला त्यांना हवा होता, देणगी नव्हे. पोलिसांच्या गोळीबारात पाचजण हुतात्मे झाले. त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व शासनाच्या गळी उतरले.