एका ट्रामचं अंतर

चार वर्षं घासून जपानी शिकले. नोकरी सांभाळून, रविवारच्या झोपेवर पाणी सोडून. आणि गेल्या अप्रेझलला बॉस काय म्हणाला? ‘भाषांतर आता मशीनच करतं गं. तू काहीतरी नवीन शीक.’ झालं! माझी सगळी मेहनत पाण्यात.

अशा तिरसट मूडमध्येच ऑनसाइटला फुकुओकाला गेले आणि पहिल्याच शनिवारी एकटीनं नागासाकी गाठलं. या शहराबद्दल मला ठाऊक होतं ते इतकंच, की इथे अणुबॉम्ब पडला. पण ट्राममधून आधी उतरले ते देजिमा स्टॉपला.

देजिमा म्हणजे समुद्रात भर घालून केलेलं, पंख्याच्या आकाराचं चिमुकलं बेट. आता आजूबाजूला भराव पडल्यामुळे ते समुद्रातलं बेट राहिलेलं नाही. १६३५ मध्ये जपानच्या शोगुननं लोकांना परदेशी जायला बंदी केली. गेलेला परत आला, तर थेट देहदंड! १६४१ पासून युरोपियनांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना राहायची मुभा, तीही या दीड हेक्टरात, पुलावर पहारा ठेवून. चीन-कोरियाशी व्यवहार चालू होता, पण युरोपकडे उघडणारी खिडकी ही एवढीच.

पण त्या फटीतून काय काय आत आलं, बघा! १७७१ मध्ये सुगिता गेनपाकू नावाच्या डॉक्टरनं एका शवविच्छेदनाला शरीरशास्त्राचं डच पुस्तक सोबत नेलं. समोरचं शरीर आणि पुस्तकातली चित्रं तंतोतंत जुळली. मग त्यानं आणि मित्रांनी धड डिक्शनरी नसताना ते पुस्तक जपानीत आणलं. १७७४ मध्ये ते छापूनही निघालं. आणि मी चार वर्षांचं रडगाणं गातेय!

१८५३ मध्ये अमेरिकेचा पेरी चार युद्धनौका घेऊन आला आणि पुढच्याच वर्षी त्यानं दार उघडायला लावलं. त्याच १८५४ मध्ये फुकुझावा युकिची हा एकोणीस वर्षांचा सामुराईचा मुलगा डच शिकायला नागासाकीत आला. जीव तोडून शिकला. १८५९ मध्ये नव्यानं उघडलेल्या योकोहामा बंदरात गेला, तर काय? दुकानांच्या पाट्या त्याला वाचता येईनात. डच कुणाला येतच नव्हतं, जिकडे तिकडे इंग्लिश! बिचाऱ्याची सगळी वर्षं फुकट. पण पठ्ठ्यानं लगेच इंग्लिशचा श्रीगणेशा केला आणि १८६० मध्ये अमेरिकेला जाणाऱ्या जहाजावर जागाही मिळवली. पुढे हाच जपानचा मोठा शिक्षणतज्ज्ञ झाला. २०२४ मध्ये नवी नोट येईपर्यंत दहा हजार येनच्या नोटेवर त्याचाच चेहरा होता.

त्या पिढीचा स्पीडच सॉलिड होता. १८६८ मध्ये शोगुनशाही गेली. १८७१ मध्ये नव्या सरकारमधले बडे बडे मंत्रीच अमेरिका-युरोप बघायला निघाले, ते जवळजवळ दोन वर्षांनी परतले. १८७२ मध्ये पहिली रेल्वे. १९०५ मध्ये तर रशियाचं आरमार बुडवलं. तेव्हा आपल्याकडेही लोक हरखून गेले होते.

आणि इथेच गोष्ट फिरते. जे आपल्यावर झालं, तेच दुसऱ्यावर करायलाही जपान शिकला. १८९४ मध्ये चीनशी युद्ध सुरू झालं, तेव्हा आपला लाडका फुकुझावा युद्धनिधीला देणगी देणाऱ्यांत होता. १९१० मध्ये कोरिया गिळला. १९३१ मध्ये मांचुरिया. १९३७ मध्ये नानजिंगमध्ये भयंकर कत्तल.

नागासाकीत डचांच्या मदतीनं १८५७ मध्ये एक लोखंडी कारखाना सुरू झाला होता. पुढे तो मित्सुबिशीकडे गेला, त्याची गोदी झाली. तिथेच ‘मुसाशी’ ही अजस्र युद्धनौका बांधली, कुणाला दिसू नये म्हणून दोरांचे भलेमोठे पडदे लावून. खिडकीच्या गावात पडदे! याच शहरात बनलेले टॉर्पेडो १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर पडले.

देजिमाहून पुन्हा ट्राम पकडली. थोड्याच वेळात पीस पार्क. ९ ऑगस्ट १९४५, सकाळचे ११ वाजून २ मिनिटं. वर्षअखेरपर्यंत सुमारे सत्तर हजार माणसं गेली. त्यात शाळकरी मुलं होती, सक्तीनं आणलेले कोरियन कामगार होते. आणि काही डच युद्धकैदीही. हे वाचलं आणि मी तिथेच बसून राहिले. ज्यांच्याकडून शिकायला फुकुझावा या गावात आला, त्यांच्याच देशातले लोक इथे कैदी होते आणि इथेच मेले.

शिकण्यात जपान कुठेच कमी पडला नव्हता हो. जहाज कसं बांधायचं, हे पटकन शिकला. ते कुठे न्यायचं, हे विचारणाऱ्यांचा आवाज मात्र हळूहळू दाबला गेला.

परत आल्यावर मी अप्रेझलचा फॉर्म भरला. कोर्सही निवडला, फुकुझावाची शप्पथ! त्यात ‘काय शिकणार?’ असा रकाना होता. ‘कशासाठी?’ असा नव्हता. तो मीच खाली टाइप केला आणि त्यापुढे चार ओळी लिहिल्या.

बॉस अजून काही बोललेला नाही.